आठ दिवसांनी येणारा ठिपका

आठव्या खंडाची छापून आलेली काही पानं काकूंनी टेबलावर पसरली, पिशवीतून भिंग काढलं, एका चित्रपट्टीवरून ते आधी डावीकडून उजवीकडे आणि मग उजवीकडून डावीकडे फिरवलं आणि विचारलं, "इथला ठिपका कुठे गेला?" मी म्हटलं, "कुठला ठिपका?" म्हणताना माझ्या आवाजात ऐट होती, हे कबूल करायलाच हवं. गेली तीन वर्षं मी या कामाला जुंपलेला होतो. 'दुरुस्तीवाला' ही चित्रपट्टी रविवार सोडून रोज, अडतीस वर्षं एका वर्तमानपत्रात येत होती. त्या सगळ्या पट्ट्या बारा खंडांत काढायचं आमच्या प्रकाशनाच्या मालकांनी मनावर घेतलं, आणि पट्ट्या स्वच्छ करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या कागदाचा पिवळेपणा, शाईचे शिंतोडे, घडीच्या रेषा, बुरशी, कुणाच्या तरी चहाच्या कपाचं वर्तुळ, हे सगळं काढून टाकायचं. सात खंड बाहेर पडले होते. एका परीक्षणात तर 'जणू कालच काढलेली चित्रं' असं छापून आलं होतं आणि ते कात्रण मी पाकिटात ठेवून हिंडत होतो. ऑफिसात मला 'लाँड्री' म्हणतात. मला त्यात कधी अपमान वाटला नाही. आणि आता चित्रकाराची बायको, एकोणऐंशी वर्षांची बाई, समोर बसून मला विचारत होती की ठिपका कुठे गेला.

मालक गडबडीने पुढे झाले. "काकू, डाग असेल तो. छपाईत उडतात असे. आमच्या लाँड्रीच्या नजरेतून एक सुटत नाही." काकूंनी भिंग खाली ठेवलं. "डाग रोज जागा बदलत नाही," त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडायला मी कमी नाही. पण त्या ज्या स्वरात बोलल्या तो दवाखान्यातल्या खिडकीवर 'माझा नंबर निघून गेला का हो?' असं विचारणाऱ्या माणसाचा होता. मालकांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. ते असं वेळेवर बाहेर जाण्यात पटाईत आहेत.

मग काकूंनी सांगितलं. एका दमात नाही, थांबत थांबत, मधे पाणी मागून. पट्टीच्या चोविसाव्या वर्षी त्यांची आई गेली. तेराव्या की चौदाव्या दिवशी रडताना त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "आता मला कुणी 'जेवलीस का' विचारणार नाही." आठवड्याभराने हेच वाक्य वर्तमानपत्रात आलं. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात एक लठ्ठ गिऱ्हाईक मोडका डबा घेऊन येतं आणि डोळे पुसत नेमकं तेच म्हणतं, आणि शेवटच्या चौकटीत डब्यातून मांजर बाहेर पडतं. लोक हसले. दूधवाल्याने काकूंना दारात थांबवून सांगितलं, "आज साहेबांनी काय हसवलंय!" त्या दिवसापासून काकूंनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. "बोललं की छापतो," त्या मला म्हणाल्या, "मग बोलायचं कशाला?" त्यांना वाटलं होतं आठ दिवस चालेल, फार तर महिना. चौदा वर्षं चाललं. तो माणूस गेला तेव्हाच थांबलं. एका घरात, एका टेबलावर जेवून, एकमेकांच्या औषधांच्या वेळा पाळून, चौदा वर्षांत एक शब्द नाही. ऐकताना मला आधी अविश्वास वाटला आणि लगेच दचकायला झालं, कारण हे अवघड अजिबात नाही हे मलाही माहीत होतं.

अबोला धरून दोन महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी काकूंच्या ताटाशेजारी हे भिंग ठेवलेलं होतं, आणि खाली त्या दिवशीचं वर्तमानपत्र, पट्टी वर येईल असं दुमडलेलं. पट्टीत दुकानाच्या भिंतीवरच्या घड्याळावर एक बारीक ठिपका होता. त्यांना वाटलं मोडतोड दाखवलीय. दुसऱ्या दिवशी ठिपका मांजराच्या कानावर. तिसऱ्या दिवशी शेगडीवर. हळूहळू त्यांना कळायला लागलं. घड्याळ म्हणजे आज उशीर झाला. मांजराचा कान म्हणजे तुझा भाऊ येऊन गेला, त्याचे कान तसेच आहेत म्हणे. शेगडी म्हणजे आजचा स्वयंपाक झकास. कुणीही कुणाला किल्ली समजावून सांगितली नव्हती. "बोललं की छापतो म्हणाले ना मी," काकू म्हणाल्या, "तर हे छापत होते. पण मलाच वाचता येईल असं."

मी तीन वर्षं हे पुसत होतो. नीट सांगायचं तर आठव्या खंडापासून पुसत होतो, पण बाराव्यापर्यंत सगळं काम माझं झालेलं होतं, म्हणजे चौदाची चौदा वर्षं मी धुवून, इस्त्री करून ठेवली होती. पडद्यावर पट्टी मोठी करायची, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून निघायचं, डाग दिसला की टिपायचा. दिवसाला सतरा-अठरा पट्ट्या व्हायच्या. त्या ठिपक्यांवरून माझा हात चार हजारांहून जास्त वेळा फिरला असणार आणि एकदाही मनात आलं नाही की हा डाग रोज एकच का, आणि नेमका वस्तूवरच का. मला नजर आहे असं मी समजत होतो. कप्पाळ माझं! मला फक्त हात होता.

बरं इतकंच होतं की मूळ स्कॅन शिल्लक होते. ठरलं असं की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी काकूंनी यायचं, मी मूळ स्कॅन लावायचे, शेकडो डागांतून कुठला त्यांचा ते काकूंनी दाखवायचं आणि तेवढाच मी परत ठेवायचा. मालकांनी कपाळाला हात लावला, छापखान्याला तारखा पुढे ढकलायला सांगितल्या आणि मला म्हणाले, "लाँड्री, आता धुतलेले कपडे मळवायचं काम." पाच महिने आम्ही ते करत होतो. पहिले दोन आठवडे मी फुगून बसलेला असायचो. तिसऱ्या आठवड्यात काकू एका पट्टीवर खुदकन हसल्या. ठिपका कोपऱ्यातल्या मिठाच्या बरणीवर होता. "भाजी खारट झाली होती," त्या म्हणाल्या, "पण मला कळलं कधी? आठ दिवसांनी!" पट्टी काढून आठ दिवस आधी वर्तमानपत्राकडे पोचवावी लागायची. म्हणजे बुधवारच्या भाजीतलं मीठ पुढच्या गुरुवारी छापून यायचं. नवऱ्याचं डोकं दुखलं होतं हे काकूंना तो ठणठणीत होऊन आठवडा झाल्यावर कळायचं. "एकदा छपराच्या पत्र्यावर ठिपका," काकू म्हणाल्या, "म्हणजे ताप. मी घाईघाईने काढा करून टेबलावर ठेवला. हे आपले बघतायत काढ्याकडे. पण प्यायले हं मुकाट. आठ दिवसांपूर्वीच्या तापाचा काढा!" आम्ही दोघं इतके हसलो की मालक दार उघडून बघून गेले.

पण हसून झालं की मी घाईने पुढची पट्टी लावायचो, कारण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासूनच ठाऊक होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. काकूंचे यजमान गेले तेव्हा आठ पट्ट्या पुढच्या तयार होत्या. सात छापून आल्या. काकूंनी सुतकात बसून, भिंग लावून त्या सात वाचल्या. आठव्या दिवशी वर्तमानपत्राने पट्टीच्या जागी त्यांचा फोटो आणि श्रद्धांजली छापली, आणि आठवी पट्टी कुणाच्या तरी खणात पडली. अकरा वर्षांनी तीच आमच्याकडे आली. मूळ कागद, टाकाने काढलेला, जगात एकच. 'आजवर न छापलेली शेवटची पट्टी' असं मालकांनी बाराव्या खंडाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत टाकलं होतं. आणि हा प्रकल्प मला मिळावा म्हणून मी मालकांना नमुना करून दाखवला होता तो नेमका याच कागदावर. स्कॅन न करता, कारण डाग कशाला जपून ठेवायचे? खोडरबर, पातं, पांढरा रंग, सगळं हाताने. अर्ध्या दिवसात कागद असा काढला की मालक म्हणाले, "वा! पहिल्या दिवसासारखा." तेव्हा त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, शाईचे शिंतोडे होते, एक तपकिरी ओघळ होता. त्यात एक ठिपका होता की नव्हता, कुठे होता, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ती शेवटची मला शेवटीच दाखवा. आधी नको. क्रमाने जाऊ." आणि आम्ही क्रमाने जात होतो.

मी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, "सांगून टाका की. म्हातारी काय खाणार आहे तुम्हाला?" मी म्हटलं, "तिचा नवरा तिला शेवटचं काय म्हणाला ते मी खोडरबराने पुसलंय." मग तिचे हात थांबले. ती म्हणाली, "तुमचं हे जुनंच आहे." तिला कोट म्हणायचा होता. आमच्या घरात तो विषय नुसता 'कोट' म्हणून ओळखला जातो. वडील गेले तेव्हा ताई परगावाहून निघाली होती, यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत मी वडिलांची खोली लख्ख केली. औषधं टाकली, गादी उन्हात घातली, त्यांचा दाराआडचा कोट धुवून आणला, इस्त्री करून खुंटीला परत लावला. ताई आली, सरळ खोलीत गेली, कोटात तोंड खुपसलं आणि तशीच वळून माझ्याकडे बघत राहिली. "साबणाचा वास येतोय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मळला होता फार." आज ती दिवाणखान्यात बसून माझ्या बायकोशी गप्पा मारते, मुलांची चौकशी करते, माझ्याशी कामापुरतं बोलते. मला खरंच वाटलं होतं की ती खूश होईल. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण लहानपणी माझी वही शाळेत वर्गभर फिरवायचे, एक शाईचा डाग नाही म्हणून, आणि आई ती शेजाऱ्यांना दाखवायची. ज्या गोष्टीसाठी लहानपणी डोक्यावर हात फिरवला जातो ती गोष्ट वाईटही असू शकते हे कळायला माझ्यासारख्याला पन्नाशी उलटावी लागते.

दहावा खंड झाला, अकरावा झाला. काकूंचं बोट आता पडद्याकडे न बघताच जायचं असं वाटे, इतकं ते सहज जाई. मलाही वाचता यायला लागलं होतं. "आज उशीर, काकू," मी म्हणायचो. "हो, आणि छत्री विसरले," त्या पुस्ती जोडायच्या. अकराव्या खंडाच्या शेवटाकडे एका पट्टीत ठिपका गिऱ्हाइकाच्या रिकाम्या स्टुलावर होता. काकूंचं बोट त्याच्याशी जाऊन थांबलं. मी विचारलं, "याचा काय अर्थ?" त्या म्हणाल्या, "बस जरा." मग त्यांनी भिंग खाली घेतलं. "चौदा वर्षांत तीनदा आला हा. म्हणायचे, बस जरा. पण आठ दिवसांनी कळायचं. आठ दिवसांपूर्वी बोलावलं, आता काय जाऊन बसायचं? असं म्हणायची मी मनाशी." त्यांनी पदराने भिंग पुसलं. "निमित्त होतं हो. बसता आलं असतं. खोली शेजारचीच होती." त्या दिवशी आम्ही लवकर आवरलं.

मी तेव्हाच ठरवलं. खोटं बोलायचं. सगळी नीती मी स्वतःला सांगून पाहिली आणि ती माझ्या घशाखाली उतरेना. एका म्हातारीने पाच महिने जिने चढून यायचं, चौदा वर्षं पुन्हा एकदा पहिल्यापासून काढायची, आणि शेवटच्या दिवशी मी तिला म्हणायचं, 'मी पुसलं'? कशासाठी, मला मोकळं वाटावं म्हणून? शेवटच्या पट्टीचा तो कागद एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मी कपाटातून काढला. त्यात दुरुस्तीवाला दुकान झाडतोय, दुसऱ्या चौकटीत मांजर, तिसरीत घड्याळ, चौथीत स्टूल रिकामं आणि दुरुस्तीवाला दाराकडे बघतोय. फुगा एकही नाही. अख्ख्या अडतीस वर्षांत बिनबोलाची ही एकच पट्टी. मी त्याच जातीचा टाक आणला, तीच काळी शाई, रद्दी कागदावर वीस-पंचवीस ठिपके काढून पाहिले, हात बसवला. मग श्वास रोखून चौथ्या चौकटीतल्या स्टुलावर एक ठिपका ठेवला. उत्तम उतरला. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, हायसं वाटलं. कुणाचं तरी काही काढून न घेता प्रथमच मी काही देत होतो, असं मला वाटलं. त्या रात्री गाढ झोप लागली.

शुक्रवारी काकू आल्या त्या वेगळं लुगडं नेसून. बाराव्या खंडाच्या उरलेल्या सहा पट्ट्या भराभर झाल्या. मग त्या म्हणाल्या, "आणा." मी कागद खिडकीपाशी, पानं मांडायच्या उंच टेबलावर ठेवला. त्या उठून तिथे गेल्या आणि उभ्यानेच वाकून भिंग लावलं. पहिली चौकट. दुसरी. तिसरीवर त्या अडखळल्या, मग पुढे गेल्या. चौथीवर भिंग थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो उजळला. मी खोटं सांगत नाही, क्षणभर तो तरुण बाईचा चेहरा झाला. मग त्यांनी भिंग थोडं जवळ नेलं, थोडं लांब नेलं, परत जवळ नेलं. चेहरा हळूहळू परत एकोणऐंशीचा झाला.

"हा यांचा नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"यांना ठिपका कधी गोल आला नाही. टाक टेकवला की हात सरकायचा. शेपूट यायचं बारीक. चौदा वर्षं बघत्ये मी." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "बघा की. किती स्वच्छ आहे. हा तुमचा."

मी भिंगातून पाहिलं. गोल, काळाभोर, कडा रेखीव. माझ्या लहानपणच्या वहीसारखा. पाच महिन्यांत मी हजारो शेपटीवाले ठिपके माझ्या हाताने परत ठेवले होते, आणि स्वतः काढायची वेळ आली तेव्हा वीस-पंचवीसमधून सगळ्यात नीट तोच निवडला होता.

मी सगळं सांगितलं. खोडरबर, पातं, अर्धा दिवस, मालकांचं 'वा'. सांगताना मला रडू आलं. काकू रडल्या नाहीत. "कुठे होता, आठवतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." "होता तरी का?" "तेही माहीत नाही, काकू." त्या कागदावरून एक बोट फिरवत राहिल्या, न टेकवता. झाडूवर थांबलं, मांजरावर थांबलं, घड्याळावर बराच वेळ थांबलं. मग त्यांनी हात मागे घेतला. "मला वाटलं मला सांगता येईल," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं वाचलं. पण यांनी काय म्हटलं असतं ते नाही हो सांगता येत." त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा नवल जास्त होतं, आणि मला तेच सोसवेना.

"हा काढून टाका," त्या म्हणाल्या.

मी पातं घेतलं. माझा ठिपका खरवडला. जागा गुळगुळीत केली नाही, कागदाचे तंतू तसेच वर राहू दिले. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अशीच छापा." मालकांना काय सांगायचं याचा विचारही माझ्या मनात आला नाही.

"आणि स्टुलावरच का ठेवलात?"

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणून मी पुढे म्हटलं, "बस जरा, असं म्हणायचं होतं."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मग तोंडाने म्हणावं हो माणसाने," काकू म्हणाल्या. इतक्या वेळ उभं राहून त्यांचे पाय थरथरत होते आणि एक हात टेबलाची कड धरून होता. हे मला आत्ता दिसत होतं.

मी खुर्ची ओढून त्यांच्या मागे नेली आणि म्हटलं, "काकू, बसा."

त्या लगेच बसल्या.